आई-बाबा, डिसेंबरात येतेय, पण राहायला नाही

डार्विन (ऑस्ट्रेलिया), रविवार दुपार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला जमलं नसतं. आईने "बरं, बरं, तुझं तू बघ" म्हणत फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी हवापाणी विचारलं असतं. म्हणून लिहितेय. दोघं एकत्र बसा, आणि आई, चष्मा लावून तूच मोठ्याने वाच. बाबांच्या हातात दिलंस तर मधलं गाळून वाचतील.

डिसेंबरात मी येतेय. तिकीट काढून झालंय, सिंगापूरवरून अहमदाबाद. पण कायमची येणार असं जे आपलं ठरलं होतं, ते आता होत नाही. इथल्या युनिव्हर्सिटीने माझा करार तीन वर्षांनी वाढवून दिला आणि मी सही केली. तुम्हाला न विचारता केली. विचारलं असतं तर तुम्ही "कर" म्हणाला असतात, आणि ते "कर" कुठल्या आवाजात आलं असतं ते मला इथे बसून ऐकू येत होतं.

बाबांच्या गुडघ्याचं मी विसरलेले नाही. आई, तुझी शुगर आणि तुझं ते "मला काय झालंय" हेही विसरलेले नाही. खालच्या न्हाणीघरात बार बसवायला सुतार आणि नळवाला दोघंही शनिवारी येतायत, पैसे दिले आहेत. कमोडच्या शेजारी एक, नळाजवळ एक आणि उंबऱ्याशी एक. गीझरचं बटण बाहेरच्या भिंतीवर घ्यायला सांगितलंय, म्हणजे ओल्या हाताने आत जाऊन चाचपडायला नको. पलंग खालच्या खोलीत आणायचा. देवघर हलवायचं नाही, आई, त्याला कुणी हात लावणार नाही. मंगलताई आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येईल, तिच्याशी बोलणं झालंय. इन्व्हर्टरची बॅटरी नवी आहे. चार तासांचाच तर फरक आहे आपल्या घड्याळांत. तुमचा सकाळचा चहा होतो तेव्हा माझी जेवायची वेळ होत आलेली असते, आणि तो फोन रोज येणारच.

आता बाबा, तुमच्यासाठी. गेल्या दिवाळीत झोपाळ्यावर बसून तुम्ही विचारलंत, "आदिवासी मुलांनाच शिकवायचंय तर आपलं छोटा उदेपूर काय वाईट?" रागाने विचारलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही अगदी साधं विचारलंत, म्हणून ते अजून माझ्याबरोबर आहे.

आधी मी इथे काय करते ते नीट लिहिते, म्हणजे बडोद्यात खारीवाव रोडवर कुणी विचारलं तर "लेक तिकडे प्रोफेसर आहे" असं आई सांगणार नाही. मी प्रोफेसर नाही. इथल्या मूळच्या लोकांची, अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरची, जी मुलं (मुलं कसली, पुष्कळजण माझ्यापेक्षा मोठे) विद्यापीठात येतात, त्यांच्याबरोबर बसून अभ्यास पार पाडायचा, हे माझं काम. या नॉर्दर्न टेरिटरीत दहा माणसांत तीन अ‍ॅबोरिजिनल आहेत. मदतीच्या योजना नाहीत असं मुळीच नाही. अ‍ॅबस्टडी नावाचा भत्ता १९६९पासून आहे. लांबच्या गावात राहून शिकणाऱ्याला आठ-पंधरा दिवसांच्या वर्गासाठी शहरात यायचं असेल तर येण्याजाण्याचं भाडं, राहणं, जेवण मिळतं. वेगळी शिकवणी लागली तर तिचा खर्च सरकारी निधीतून होतो; माझा पगारही त्यातलाच. २०२४पासून तर प्रवेशाची पात्रता पूर्ण केली की मेडिकल सोडून बाकी अभ्यासक्रमांना अनुदानित जागा नक्की, "जागा भरल्या" असं त्यांना सांगता येत नाही. फीचा स्वतःचा वाटा मात्र कर्ज म्हणून नावावर राहू शकतो, आणि पगार एका मर्यादेपुढे गेला की मग तो कापून घेतात. अ‍ॅबोरिजिनल लोकांचे नेते चार्ल्स पर्किन्स १९६६ साली सिडनी विद्यापीठातून पदवीधर झाले तेव्हा अख्ख्या देशात यांच्यातले पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच्या पुढच्या वर्षी सार्वमत झालं, तेव्हा कुठे यांना देशाच्या लोकसंख्येत धरायला लागले. तुमच्या नोकरीला लागण्याच्या आसपासची गोष्ट आहे ही, बाबा. फार जुनी नाही.

तरीही लोक मधेच सोडून जातात. पैशामुळे जातात तसे दुसऱ्या कारणांनीही जातात. इंग्रजी त्यांची तिसरी, चौथी भाषा. गावात कुणी गेलं की घरी जावंच लागतं, आणि तिथलं सुतक दोन-तीन आठवडे चालतं. निबंधाची तारीख तोवर निघून जाते. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली, मग छोट्या विमानाची वाट बघत बसायचं. आणि आमच्यासारखे शिकवणारे. दोन वर्षं काढायची, अनुभव घ्यायचा, सिडनी-मेलबर्नला जायचं.

एक बाई आहेत. याच टेरिटरीतल्या आर्नहेम लँडमधल्या समुद्रकाठच्या गावातल्या, तिथल्याच शाळेत असिस्टंट टीचर. नातवंडं आहेत त्यांना. नाव लिहीत नाही. पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "तू किती दिवस आहेस?" त्यांना पूर्ण शिक्षिका व्हायचंय. वर्गातल्या मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलणारी ती एकटी, पण पदवी नाही म्हणून वर्ग दुसऱ्याच्या नावावर, आणि तो दुसरा दर वर्षा-दोन वर्षांनी बदलणारा.

आम्ही कसं काम करतो सांगते. ओहोटीच्या वेळी शिंपले वेचताना मुलं मोजायला कशी शिकतात यावर त्यांना निबंध लिहायचा होता. कागदावर इंग्रजीत तीन ओळी झाल्या आणि पेन खाली ठेवलं. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, बोला. आधी स्वतःच्या भाषेत बोलल्या, मग मला समजावं म्हणून इंग्रजीत. पाणी कुठवर उतरलं की निघायचं, कुठला ढीग कुठल्या घराचा, लहानाच्या टोपलीत किती आणि का, सगळं हातांनी दाखवत. ते ऐकून त्यांनीच लिहून काढलं, वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी एक ओळही लिहून द्यायची नाही, तो नियमच आहे, आणि मला तो मान्य आहे. संध्याकाळ झाली. निबंध त्यांचा झाला, शब्द न् शब्द. आता त्या मला धाकटी बहीण म्हणतात, आणि तिथे ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. त्यांच्या आईला मी आई म्हणायचं, त्यांच्या मुलांनी मला आई म्हणायचं. (आई, तू एकच आहेस. हे वाचून गप्प बसू नकोस.)

त्यांचं आणि त्यांच्याबरोबरच्यांचं शिक्षण अर्ध्यावर आहे. नोकरी सांभाळून शिकतात, त्यामुळे वर्षं लागतात. मी आत्ता निघाले तर "किती दिवस आहेस" या प्रश्नाला मीही तेच उत्तर दिलेलं होईल जे बाकीच्यांनी दिलं. ते माझ्याच्याने होत नाही.

आणि बाबा, हे मला इथे कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या टेबलावर पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या फॉर्मांचे गठ्ठे असायचे. छोटा उदेपूरकडच्या कवाँटहून शिकायला आलेले राठवाकाका तेव्हा वीस-एक वर्षांचे असतील. घरात राठवी, शाळेत गुजराती, आणि आपल्या युनिव्हर्सिटीत एकदम सगळं इंग्रजीत. फॉर्म भरून दिला की तुमचं काम संपत होतं. पण ते संध्याकाळी आपल्या ओट्यावर यायचे आणि तुम्ही त्यांच्या फिजिक्सच्या वहीतलं एकेक वाक्य गुजरातीत सोडवून सांगायचात. स्वतः फिजिक्स न शिकता. आई पोह्यांची बशी आणून ठेवायची. शिष्यवृत्तीचे पैसे टर्म संपल्यावर यायचे, तोवर ते टिकले कशावर? त्यांनी मला बांबूची शिट्टी करून दिली होती आणि आईने ती दोन दिवसांत लपवून ठेवली होती, ते मला सगळं आठवतंय.

तुम्हीच मला स्कूटरवर पुढे उभं करून कमाटीबागेत न्यायचात आणि बाबासाहेबांच्या संकल्पभूमीपाशी सांगायचात: सयाजीरावांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी बोर्डिंग काढलं, १९१३ साली बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, आणि १९१७ला तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहात कसेबसे राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन काढायला आले. "पैसे महाराजांनी दिले गं, खोली कुणी दिली नाही," असं म्हणून तुम्ही स्कूटरला किक मारायचात. मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्हाला वाटायचं मी फुग्यांकडे बघतेय.

तर आता खोलीचं. वरची खोली, माझी, मी राठवाकाकांच्या धाकट्या लेकीला द्यायची म्हटलंय. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोली बघायला गेली की आडनाव विचारतात आणि मग "कालच दिली" म्हणतात. काकांनी हे सांगितलं नव्हतं, तिच्याकडूनच काढून घेतलं. घर तुमचं आहे, मला माहीत आहे, आणि तुम्ही नको म्हणालात तर मी काकांना समजावीन. पण तुम्ही नको म्हणणार नाही.

ती तुमची सोबत म्हणून येत नाहीये, हे आई, नीट ऐक. तिला दुधाला पाठवायचं नाही. औषधं आणायला सांगायची नाहीत. रात्री-अपरात्री काही लागलं तर हाक मारा, ते कुणीही कुणाला मारतं. पण मंगलताईची रजा असली तर भांडी तिने घासायची नाहीत. वरच्या गॅसवर ती मासे करील, मटण करील. वास आला तर खिडकी उघड. आजी असती तर काय म्हणाली असती ते आजीबरोबर गेलं. भाडं घ्यायचं नाही. वीजबिल ती देणार म्हणतेय, ते घ्या, नाहीतर तिला अवघड होईल.

बाबांना खरं काम आहे. तिला पीएचडी करायचीय. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० नव्या. परदेशात जायचं असेल तर आदिवासी मंत्रालयाची ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, पण सबंध देशात वर्षाला फक्त २० जागा, त्यातल्या ३ अतिमागास जमातींसाठी राखून, आणि घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत हवं. अर्ज आता सगळे ऑनलाइन, ते ती करील. तुम्ही तिचे कागद बघा. सगळ्यात आधी शाळेचा दाखला आणि काकांच्या जमिनीची कागदपत्रं काढून बघा, त्यात "राठवा" आहे का "राठवा कोळी" आहे. तेवढ्या "कोळी" शब्दावरून आदिवासी असण्याच्या पडताळणीत किती घरं अडकली ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ऐनवेळी धावाधाव नको. उत्पन्नाचा दाखला नवा काढायला लावा. आणि तिच्या इंग्रजीला हात लावू नका, ती तुमच्यापेक्षा चांगलं लिहिते. तुम्ही फक्त ऐका आणि जिथे कळलं नाही तिथे "हे कळलं नाही" एवढं म्हणा.

छोटा उदेपूरला मी का आले नाही याचं हे पुरतं उत्तर नाही, बाबा. तेजगढच्या आदिवासी अकादमीपासून आपल्या युनिव्हर्सिटीपर्यंत तिथे काम करणारी माणसं आहेत, आणि मला अजून माझी जागा तिथे दिसायचीय. डिसेंबरात आपण दोघं काकांकडे कवाँटला जाऊ. गाडी करू, बसने नाही. तिथल्या मुलांशी मला बोलायचंय.

दादाशी मी बोललेय. तो काही म्हणाला तरी तुम्ही मधे पडू नका.

आता शेवटचं. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, गणपतीच्या सामानासाठीसुद्धा नाही. व्यायाम शिकवणारा मुलगा आठवड्यातून तीनदा येईल, त्याला "आज राहू दे" म्हणायचं नाही. आई, लिलो चिवडा पाहुण्यांसाठी असतो. रात्रीची गोळी जेवणाआधीची आहे, जेवणानंतरची नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते. शुगरचा एचबीए१सी रिपोर्ट आला की फोटो पाठव, नुसतं "ठीक आहे" नको. मी इथे नीट जेवते. इथे आंबा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, हापूसची सर नाही, पण परवा मी त्याचा रस केला आणि वर तूप घातलं, तुझ्यासारखं.

वरच्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात माझ्या शाळेच्या वह्या आहेत, त्या टाकू नका, डिसेंबरात मी बघीन. बाकीचं कपाट रिकामं करून ठेवा. ती एक तारखेला येतेय, किल्ली तिच्या हातात द्या, दाराला टांगून नको. आणि सुतार आला की त्या खोलीच्या खिडकीची कडीही बदलून घ्या, ती पावसात अडकते.

तुमची,
मनू