गावाच्या पाटीवर आकडा आहे, नावे कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावर मजकूर. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, असे जिल्हाभर सांगतात. इतर गावांच्या पाट्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही. रंगरंगोटीत त्यांच्यावर चुन्याचा हात फिरतो आणि आकडाही बुजतो.

आपल्याकडच्या वीरगळांवरही बहुधा नाव नसते. पण इथे गोष्ट वेगळी आहे. ही नावे तेव्हा दफ्तरात लिहिली गेली होती. आजही बहुतेक सापडतात, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘आजोबांचा भाऊ बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ एवढे तरी आठवते. ती माणसे आहेत तोवर हे काम व्हायला हवे, म्हणून हे सविस्तर पत्र.

बसऱ्याचे नाव घरोघर का निघते, ते आधी सांगतो. बसरा हे इराकमधले बंदर. तिथे उतरून आत गेलेल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडल्या. रसद आटली आणि रोजचा शिधा मूठभर बार्लीच्या पिठावर आला. घोड्याचे मांस बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापायी कितीतरी दिवस नाकारले, भाजीपाला नव्हताच, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग, स्कर्व्ही, पसरला. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर त्यांतली पुष्कळ मेली. म्हणून अशा शिपायाच्या नोंदीतली मृत्यूची तारीख अनेकदा अंदाजाने धरलेली असते. घरात सांगितलेले साल एक आणि नोंदीतले दुसरे निघाले, तर तेवढ्यावरून माणूस दुसरा समजू नये.

ज्यांची कबर नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायाचे मात्र कोरले नाही. पलटणीचे नाव आणि पुढे ‘इतके शिपाई’ एवढेच. हा भेदभाव होता, हे युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे. ते स्मारक १९९७ साली मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेले. तेव्हा तिथवर कोणी गेले तरी पणजोबांचे नाव हाताला लागायचे नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवरही शोधून उपयोग नाही. तिथली १३ हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत.

नावे आहेत ती याच कमिशनच्या नोंदवहीत, आणि ती वही इंटरनेटवर फुकट पाहता येते. लोक तिथे आडनाव टाकतात, काही मिळत नाही, आणि सोडून देतात. याला दोन-तीन कारणे आहेत. हिंदी शिपायाचे सगळे नाव एकसलग आडनावाच्या रकान्यात भरलेले असते, पहिले नाव आधी. ‘बाळू जाधव’ हवा असेल तर आडनावाच्या चौकटीत दोन्ही शब्द त्याच क्रमाने टाका, पहिल्या नावाची चौकट कोरी ठेवा. मग उलटे करून पाहा. स्पेलिंग गोऱ्या साहेबाच्या कारकुनाने कानावर पडले तसे केलेले. जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी नुसता ओ. खटावचेही तसेच. कऱ्हाडमध्ये एच असेल किंवा नसेल. त्यापेक्षा नावाचा नाद सोडून ‘जादा माहिती’च्या चौकटीत सातारा टाकावे, पलटण निवडावी आणि येणारी सगळी यादी शांतपणे वाचावी. बापाचे नाव, गाव, तालुका त्या रकान्यात असतात.

सांगलीकरांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, त्यामुळे तिथला शिपाई साताऱ्याखालीच सापडेल. कडेगाव, पलूस हे तालुके तर अगदी अलीकडचे. आटपाडी औंध संस्थानात होती. मिरज, जत, फलटण ही वेगळी संस्थाने. एकाच नावाची गावेही घोटाळा करतात. बोरगाव एक साताऱ्याजवळ, दुसरे वाळव्यात, आणि दोन्ही तेव्हा एकाच जिल्ह्यात! तालुका आणि बापाचे नाव दोन्ही जुळल्याशिवाय ‘आपलाच’ म्हणू नये.

आणखी एक. फक्त मराठा पलटणी पाहून थांबू नका. १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण आहे. खेचरे हाकणारे, हमाल, डोलीवाले, मजूर यांच्या तुकड्या वेगळ्या लावलेल्या आहेत. बंदूक हातात नव्हती म्हणून ही माणसे कमी मेली नाहीत, पण गावाच्या आठवणीतून सर्वांत आधी तीच गळाली.

घरात काय शोधावे? पहिले, बिल्ला. चांदीचे युद्धपदक ३६ मिलिमीटरचे, आपल्या जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हा नंबर लाखमोलाचा, कारण एकाच पलटणीत चार ‘राम शिंदे’ असू शकतात, पण तो नंबर एकाचाच. मात्र तेव्हाचे नंबर पलटणीपुरते असत, म्हणून नंबर आणि पलटण कायम जोडीने लिहावेत. चिंच-राखेने पदक घासू नका, आधीच झिजलेली कड सपाट होते. उन्हात तिरपे धरून मोबाइलवर कडेचे चार बाजूंनी चार फोटो काढा. पुष्कळ घरांतली चांदी अडीनडीला सोनाराकडे गेली. पितळेसारखे दिसणारे विजयपदक बहुधा उरते आणि त्याच्या कडेवरही हीच अक्षरे असतात. मेलेल्याच्या घरी आलेली सुमारे १२ सेंटिमीटरची काशाची थाळी देवघरात असेल, तर तिच्यावर नाव उठावाने आहे, नंबर आणि हुद्दा नाही.

गावच्या कोतवाल बुकात अशा माणसाचा मृत्यू सहसा सापडत नाही, कारण मृत्यू गावात झालेला नसतो. त्याऐवजी फेरफाराच्या जुन्या वहीत वारसाची नोंद पाहावी. कागद मोडीत असतील. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांनी तहसीलची दफ्तरे चाळली आहेत. तीच माणसे हेही वाचून देऊ शकतात. वंशावळी सांगत फिरणारा हेळवी गावात आला तर त्याची वही उघडायला सांगावी. आणि घरच्या श्राद्धाची तिथी विचारावी. भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने गेलेल्यांची; सर्वपित्री अमावास्येला घातले जात असेल, तर घरच्यांना तिथी बहुधा कधी कळलीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाचे काम सोपे आहे. १९२२ साली पलटणींचे नंबर बदलले: १०३ ची झाली पहिली-पाचवी मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), १०५ ची दुसरी-पाचवी, ११० ची तिसरी-पाचवी. आफ्रिकेतल्या केरेनला आणि इटलीत याच लढल्या. या नोंदींत ‘अमक्याचा मुलगा’ याच्यापुढे पुष्कळदा ‘अमकीचा नवरा’ असेही लिहिलेले असते. वंशावळीत मुख्यतः पुरुषांची नावे. विशी-पंचविशीत विधवा होऊन आयुष्यभर त्याच घरात राबलेल्या त्या बाईचे नाव कदाचित या एकाच ओळीत उरले असेल. ती ओळ उतरवून घ्या.

कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातलेच मृत्यू धरते. यात तापाने, हगवणीने गेलेलेही येतात. स्पेलिंग चुकले असेल तर पुराव्यासह लिहिल्यावर ते दुरुस्त करतात.

आता मागणी. ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव करून गावच्या पाटीवरचा आकडा आणि सापडलेली नावे ताडून पाहावीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गावोगाव शिलाफलक बसले, त्यांच्याशेजारी जागा आहे. नवीन पाटीवर नाव, बापाचे नाव, नंबर, पलटण, साल आणि ठिकाण एवढे यावे. जुनी पाटी काढू नये, चुना तेवढा ओल्या फडक्याने आणि लाकडी पट्टीने सोडवावा. पत्रा किंवा तारेचा ब्रश वापरला तर अक्षरे जातील.

आपला,
एक वाचक, कऱ्हाड (जि. सातारा)