उत्पन्न कोणाचे वाढले?

सिएटल

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार. इतक्या दिवसांनी पत्र आले म्हणजे पैसे हवे असतील, असा तर्क करू नकोस. प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण ते वयाला धरूनच आहे.

हे पत्र तुलाच लिहिण्याचे कारण असे, की इथे कोणाला सांगितले तर "पण हे नियमाप्रमाणेच आहे ना?" एवढेच विचारतात. ज्या संस्थेचे हिशेब मी पाहतो, तिची सेंट्रल डिस्ट्रिक्ट या सिएटलमधल्या जुन्या वस्तीत, सरकारी करसवलतीच्या पैशातून बांधलेली, कमी भाड्याच्या घरांची एक इमारत आहे. तिथल्या एक आजी मागच्या आठवड्यात भाडेवाढीची नोटीस घेऊन कार्यालयात आल्या. त्यांना सांगण्यात आले की विभागातले उत्पन्न वाढल्यामुळे भाड्याची मर्यादा वाढली आहे. त्यांनी शांतपणे विचारले, "उत्पन्न कोणाचे वाढले?" उत्तर मला ठाऊक होते. आमच्या घरात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या वंदनाचे वाढले, आणि तिच्यासारख्या हजारोंचे.

ही करसवलतीची योजना 1986 सालची, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातली. यात केंद्र सरकार स्वतः घरे बांधत नाही. राज्याची गृहवित्त संस्था प्रकल्प निवडून त्याला दहा वर्षे चालणारी करसवलत देते, ती सवलत बहुधा बँका विकत घेतात आणि त्या भांडवलावर इमारत उभी राहते. कर्ज कमी, म्हणून भाडे कमी. यातली गंमत तुझ्या लगेच लक्षात येईल. याच वस्तीला एकेकाळी नकाशावर लाल रंग फासून इथल्या कृष्णवर्णीयांना कर्ज नाकारले जात असे. म्हणून 1968 साली त्यांनी लिबर्टी बँक ही स्वतःची बँक काढली. ती केव्हाच बंद पडली. तिच्या जागेवर 2019 मध्ये 115 परवडणारी घरे उभी राहिली, तीही याच करसवलतीच्या आधाराने. मात्र सत्तरच्या दशकात जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, तिथे आज ते पाचांत एकही उरलेले नाहीत.

आता भाड्याचे ऐक. ते भाडेकरूच्या मिळकतीवर ठरत नाही. संपूर्ण विभागाचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा, काढतात, त्याच्या साठ टक्क्यांची मर्यादा धरतात आणि त्या मर्यादेच्या तीस टक्के रक्कम म्हणजे कमाल भाडे. रेडमंड आणि बेलव्ह्यू ही सॉफ्टवेअरवाल्यांची गावेही याच विभागात येतात. हा मध्यक 2018 मध्ये वर्षाला 1,03,400 डॉलर होता. 2024 मध्ये तो 1,47,400 झाला. आजींची पेन्शन महागाईच्या मापाने वाढते, भाड्याची मर्यादा मात्र आमच्या पगारांच्या मापाने. ज्यांच्याकडे भाड्याच्या मदतीचे सरकारी व्हाउचर आहे ते स्वतःच्या मिळकतीच्या प्रमाणात भाडे देतात, उरलेले सरकार भरते, म्हणून वाचतात. आजींकडे ते नाही.

इथे तू मिशीतल्या मिशीत हसतो आहेस, हे मला दिसते आहे. आपले जुने भांडण! मुंबईतली भाडी कायद्याने 1940 च्या पातळीवर गोठवल्यामुळेच चाळींची डागडुजी थांबली आणि छपरे खाली आली, हे माझे म्हणणे. "छपरे गळली, पण माणसे लालबागेत राहिली," हे तुझे. तू जिंकलास असे मात्र समजू नकोस. आमच्या इमारतीचा विमा महागला आहे, लिफ्टचे काम अडून आहे, दुरुस्तीच्या राखीव निधीत फारसे उरलेले नाही आणि कर्ज देणाऱ्या बँकेला उत्पन्न व हप्ते यांचे ठरलेले प्रमाण दाखवावेच लागते. भाडे जिथल्या तिथे ठेवले तर ही इमारतही तुझ्या दोन नंबरच्या चाळीच्या वाटेने जाईल. पण कायद्याने दिलेली ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. आणि आमची मंडळी दरवर्षी नवा आकडा जाहीर झाला की थेट त्या टोकाशी जाऊन बसतात. माझे म्हणणे एवढेच, की आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंची वाढ त्यांच्या पेन्शनीच्या वाढीएवढीच असावी आणि घर रिकामे होईल तेव्हाच नव्या भाडेकरूला पूर्ण भाडे लावावे. वंदना म्हणते, "तसे केलेस तर तूट कशी भरणार, ते आधी मांड." तिचे बरोबर आहे, आणि तूट भरून निघेल असा ताळेबंद मला अजून बसवता आलेला नाही.

मीनलच्या लग्नाला येता आले नाही, याबद्दल वहिनी रागावल्या असतील. त्यांना माझा नमस्कार सांग. तुमच्या पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही केलीस की अजून अडून बसला आहेस? आणि सिगारेट?

विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. चाळ कमिटीत मालकाच्या माणसापुढे तू हिशेबाचा कागद न उघडता तासभर बोलत असायचास. इथे कागद उघडल्याशिवाय कोणी ऐकत नाही. तरी यांच्यापुढे तू सुरुवात कुठून केली असतीस, ते बैठकीच्या आधी कळव.

तुझा,
अरुण