बाबा, तो मनोरा तिथे नाहीच!

सॅन फ्रान्सिस्को,
रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, अखेर हिचकॉकची वाट चालून आले, म्हणजे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या सिनेमांचं शूटिंग झालं त्या जागा दाखवणारी इथली पायी सहल. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, त्याच्यासाठीही यात काम आहे.

सुरुवात युनियन स्क्वेअरला झाली. १९६३च्या ‘द बर्ड्स’मध्ये नायिका सुरुवातीलाच इथला रस्ता ओलांडून पाखरांच्या दुकानात शिरते आणि त्याच दारातून खुद्द हिचकॉक आपली दोन कुत्री घेऊन बाहेर पडतो. आमच्या गाइडबाईंच्या पिशवीत सिनेमातल्या दृश्यांचे छापील फोटो होते. प्रत्येक ठिकाणी त्या एकेकाला दंडाला धरून, कॅमेरा होता तिथे उभं करायच्या आणि मग फोटो हातात द्यायच्या. खिडक्या, कोपरा, उतार सगळं जुळलं की माणसाच्या तोंडून आपोआप ‘अरे!’ निघतं. भाषण नाही, पाठ केलेली माहिती नाही. मला ही पद्धत फार आवडली.

तिथून नॉब हिल. इथले चढ म्हणजे आपल्या पाखाड्याच, आई, तुझे गुडघे आठवले. हिचकॉकच्याच १९५८च्या ‘व्हर्टिगो’तली नायिका मॅडलीन राहते ती ब्रॉकलबँक इमारत वर दिमाखात उभी आहे. पुढे लोम्बार्ड स्ट्रीट. त्या नागमोडी रस्त्याचे फोटो काढायला ही झुंबड, आणि जरा खाली, जोन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या, त्याच सिनेमातल्या नायकाच्या, स्कॉटीच्या घराकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. घराचा दर्शनी भाग आता बदलला आहे. पण जवळच्या टेकडीवरचा उंच कॉइट टॉवर आहे तिथेच आहे, आणि सिनेमात मॅडलीन त्याच्याच खुणेने हे घर शोधत येते.

मॅडलीन समुद्रात उडी घेते तो फोर्ट पॉइंट चालण्याच्या वाटेवर नाही, तिथे मी दुसऱ्या दिवशी बसने गेले. गोल्डन गेट पुलाच्या अगदी खाली, पाण्याला लागून विटांचा किल्ला आहे, १८५३ ते १८६१ या काळात बांधलेला. पुलासाठी तो पाडायचं घाटत होतं, पण मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी त्याच्यावरून पोलादी कमान नेली आणि किल्ला वाचवला. १९३७ साली पूल खुला झाला. सुवर्णदुर्ग बघत लहानाची मोठी झाले ना, मला त्या माणसाला मनापासून हात जोडावेसे वाटले. मॅडलीन उडी मारते ती इथे, पण पुढचं पाण्यातलं चित्रण मात्र स्टुडिओतल्या हौदात झालं.

आणि आता ‘व्हर्टिगो’तला तुमचा तो चर्चचा मनोरा. दिवे गेले की पडवीत तुम्ही ही गोष्ट सांगायचात, आणि स्कॉटी जिना चढायला लागला की तुमचा आवाज खाली यायचा. बाबा, सॅन ह्वान बाउतिस्ताच्या त्या चर्चला शूटिंगच्या वेळी तसा मनोराच नव्हता! चर्च खरं, इथून साधारण १४५ किलोमीटर दक्षिणेला; मनोरा स्टुडिओच्या करामतीने पडद्यावर जोडलेला. स्कॉटी मनोऱ्यातून खाली बघतो तेव्हा जिना ताणला जातो ना, त्यासाठी जिन्याचं छोटं मॉडेल करून ते चक्क आडवं ठेवलं होतं. कॅमेरा मागे ओढायचा आणि त्याच वेळी झूम पुढे न्यायचा. हे कळल्यावर मला तो प्रसंग जास्तच आवडायला लागला. तुम्हाला काय वाटतं ते मला नक्की कळवा.

दादा, आता तुझं काम. कोकणात सिनेमा-मालिकांचं शूटिंग सारखं चालू असतं. कोणाची पडवी घेतली, कुठल्या आगरात गाणं झालं, कोणत्या पाखाडीवरून हिरो उतरला, हे आज गावातल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहे. ते आत्ताच वहीत उतरवून घे. आपल्याकडे उतरणारे पाहुणे मासे खातात, बोटीतून चक्कर मारतात आणि निघून जातात. त्यांना दोन तास गावातून चालव. फोटो छापून घे, घरमालकांना आधी विचार आणि त्यांनाही चार पैसे दे. गोष्टी बाबा सांगतील, त्यांच्यासारखं कोणालाच जमणार नाही. शेवट कनकदुर्गाच्या पायऱ्यांवर ठेव, आणि वेळ अशी धर की तिथून लोकांना थेट हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला नेता येईल. मे महिन्यात मात्र नको, उन्हाने माणसं बेजार होतील. दिवाळीनंतर सुरू कर. फोटोंच्या छपाईचा खर्च मी पाठवते, किती येईल ते कळव.

तुमची,
मंजू