मासा मोठा झाल्यावर केवढा होतो, ते टाकीवर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की शोभेच्या माशांच्या दुकानांत मुलांची गर्दी होते. गेल्या वर्षी त्या गर्दीत मी आणि माझी पाचवीतली मुलगीही होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी, फिल्टर, खडे आणि मासे असे सगळे एकाच संध्याकाळी घरी आणले. चार गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, तीन टायगर बार्ब आणि 'काच साफ ठेवतो' म्हणून एक सकर. हे एकत्र राहतील ना, असे मी विचारले होते. 'बिनधास्त न्या,' असे उत्तर मिळाले. दहा दिवसांत सोळापैकी अकरा मासे मेले. मुलगी रोज सकाळी दात घासण्याआधी टाकीपाशी जाऊन मासे मोजायची.

माझा मामेभाऊ अनेक वर्षे मासे पाळतो. त्याने टाकीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "अरे दादा, यातल्या कुणाचंच कुणाशी जमत नाही." मग त्याने जे सांगितले, ते दुकानातच कळायला हवे होते.

गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. 20 अंशांच्या आसपास तो सुखी असतो, तर एंजलला 24 ते 28 अंश लागतात. शिवाय गोल्डफिश 15-20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि घाण भरपूर करतो. माझ्या टाकीत काठोकाठ भरले तर 56 लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वगळली की उरते जेमतेम 45. त्यात एकही गोल्डफिश नीट जगू शकत नाही, मी चार सोडले होते. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. तोच पंखांसकट वीतभर उंच होतो आणि मग निऑन टेट्रासारखा बारीक मासा त्याच्या तोंडात सहज मावतो. टायगर बार्ब तीनच ठेवले तर आपसातली भांडणे सोडून दुसऱ्यांच्या मागे लागतात. माझ्या एंजलचे लांब पंख त्यांनी आठवडाभरात कुरतडले. आणि सकर! बोटाएवढा म्हणून आणलेला हा मासा फूट-दीड फूट वाढतो. भूक लागली की रात्री चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थरही खरवडतो. काच साफ करणे तो मोठा झाल्यावर बरेचसे सोडून देतो.

पहिल्या दिवसांतल्या मरणाचे कारण मात्र वेगळे होते, आणि त्यात चूक माझीही होती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर वस्ती करतात. ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच संध्याकाळी सोळा मासे सोडले. दोन मेल्यावर घाबरून सगळे पाणी बदलले आणि स्पंज पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली खळखळून धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जे थोडे जिवाणू जमले असतील तेही गेले. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो, हे मला कुणी सांगितले नव्हते.

माझे म्हणणे असे की लहान टाकीसाठी मासे निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा असावा. आमच्या सोसायटीत वापराचे पाणी बोअरचे आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली उत्तम राहतात. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला मऊ पाणी लागते. ज्यांच्याकडे धरणाचे मऊ पाणी येते त्यांनी खुशाल टेट्रा ठेवावेत, पण सहा-आठांचा थवा ठेवावा. एकटा-दुकटा टेट्रा भेदरून कोपऱ्यात बसतो. त्यांच्या जोडीला हनी गोरामी चांगला. तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशातला, म्हणजे आपल्याकडचाच, बोटाच्या दोन पेरांएवढा आणि स्वभावाने गरीब. फायटर हा भांडखोर मासा मात्र यांच्यात नको. गोरामी त्याच्याच कुळातला आहे, आणि गप्पीची रंगीत शेपटी पाहूनही नर फायटर चवताळतो.

गप्पी आपल्या वाचकांना ठाऊक असतील. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग विहिरींत आणि हौदांत सोडतो तेच हे मासे. घरी ठेवायचे तर फक्त नर ठेवावेत. मादी दर महिन्याला पिल्ले देते, आणि दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. नराशिवायही ती पुढे काही महिने विते. तीन महिन्यांत टाकी तुडुंब होते.

टाकी तुडुंब झाली, मासा मोठा झाला, की लोक तो पिशवीत घालून जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून येतात. जीव वाचवला असे त्यांना मनापासून वाटते. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा सकर आज त्यांच्या जाळ्यात येतो, त्याच्या काटेरी पंखांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आपल्या नद्यांतल्या माशांचे अन्न आणि जागा तो बळकावतो, ते वेगळेच. न झेपणारा मासा दुकानदाराला परत द्यावा आणि दुकानदाराने तो घ्यावा, एवढी विनंती आहे.

वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून वाटीएवढ्या बरणीतला फायटर देण्याची पद्धतही बंद व्हावी. तो वरून हवा घेऊ शकतो म्हणून त्या बरणीत तग धरतो, पण त्यालाही निदान 15-20 लिटर पाणी हवे.

दुकानदारांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक टाकीवर किमतीशेजारी तीन ओळी लिहाव्यात: मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, किमान किती लिटर पाणी आणि किती जोडीदार लागतात, आणि कुणासोबत ठेवू नये. याला खडू आणि पाटी पुरते.

आमच्या टाकीत आता सहा नर गप्पी आणि चार प्लॅटी आहेत. या वेळी आधी पाच आठवडे फिल्टर चालवला, जिवाणूंची वस्ती व्हावी म्हणून मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकले आणि मगच मासे तीन-चार करून आणले. मुलगी अजूनही सकाळी मोजते. आकडा गेले सात महिने दहाच आहे. मागच्या रविवारी तिने आमच्या नेहमीच्या दुकानदारकाकांना एंजलच्या टाकीसाठी पुठ्ठ्यावर पाटी लिहून दिली: 'वीतभर होतो. लहान मासे खातो.' त्यांनी ती लावली आहे.

आपला,
एक वाचक, पुणे