चौघांचा प्रभाग ठेवाच, पण मत एकच द्या

महोदय,

पुणे महापालिकेत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ला एकाचा झाला, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. यातल्या पहिल्या तिन्ही पद्धती तर एकाच आघाडीच्या राजवटीतल्या. पुढे महाविकास आघाडीने तिघांचा ठरवला, नंतरच्या सरकारने तो मोडला आणि जानेवारी २०२६मध्ये आम्ही पुन्हा चौघांसाठी मतदान केले. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. चौघांचा प्रभाग एवढा लोकहिताचा असेल, तर मुंबईकरांनी कुणाचे घोडे मारले आहे?

हद्दी आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे होता. मार्च २०२२मध्ये कायदा बदलून तो सरकारने स्वतःकडे घेतला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन्ही बाक त्या दिवशी एकमताचे होते!

प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती होतात. एखाद्या पॅनेलकडे ४० टक्के मते असली आणि उरलेली विखुरली, तर चारही जागा त्याच्याच. मग एखादी वस्ती मधोमध तोडून दोन बाजूंच्या सोसायट्यांना जोडली, की तिथल्या लोकांचा नगरसेवक होणे संपले. २०१७ला मी मतदान केंद्रावर कामाला होते. चारही मते दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, म्हणून एक बटण दाबून निघालेल्या आजींना परत बोलवावे लागे. “मला एकच माणूस ओळखीचा आहे, बाकीच्यांना का देऊ?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे.

आमदार विधान परिषदेवर सदस्य पाठवतात, तेव्हा पसंतीक्रमाने मत देतात: पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला किंवा त्याला गरजेहून जास्त मते मिळाली, तर मत पुढच्या पसंतीकडे जाते. शिक्षक मतदारसंघात मीही जांभळ्या पेनने १, २, ३ असे आकडे लिहिले आहेत. चार जागांसाठी तशी एकच मतपत्रिका असली, तर वैध मतांच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त मते मिळवणारा निवडून येतो. हद्द थोडी इकडची तिकडे केली तरी प्रभागात एकजुटीने मत देणाऱ्या ३० टक्के लोकांची जागा कुणाला पळवता येत नाही. महिलांच्या व इतर राखीव जागा आधी भरून घेण्याचा नियम मोजणीत घालता येईल. मोजणी लांबेल, हे खरे. पण मुदत संपून जवळजवळ चार वर्षे पुण्याला नगरसेवकच नव्हते, तिथे आणखी दोन दिवसांनी काय बिघडणार?

— एक निवृत्त शिक्षिका, पुणे