बल्ब ओसरीवर, लॅपटॉप माजघरात

चि. सौरभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. गाडीत बसल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. तुझ्या राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची चौदा नावं होती. त्यातली पाच ‘ईएसपी’ने सुरू होणारी. ते तुझे बल्ब आणि प्लग, हे उमगायला आपल्याला अर्धा तास लागला. आणि त्यांना खेटूनच तुझ्या ऑफिसचा लॅपटॉप!

‘बल्ब कुणाचं काय वाकडं करणार?’ असं तू म्हणालास. अरे, 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं लाखो कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणूनच.

दुसरा राउटर आणलास, उत्तम केलंस. पण तो तू बल्बांसाठी लावणार आहेस, आणि तिथंच चुकतंय. दुसऱ्या राउटरमागचं यंत्र पहिल्याच्या जाळ्यात सहज पोचतं. पहिल्यावरचं यंत्र मात्र आपणहून आत येऊ शकत नाही, न मागवलेलं काही दुसरा राउटर आत घेतच नाही. म्हणजे बल्ब मागे ठेवलेस तर त्यांना लॅपटॉपची वाट मोकळी. आजोबांच्या घरी आला-गेला ओसरीवर बसायचा, माजघरात नाही. तसंच कर. बल्ब, टीव्ही पहिल्या राउटरवर. तुम्हा दोघांचे लॅपटॉप, फोन दुसऱ्यावर.

केबल पहिल्याच्या लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टातून दुसऱ्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येणाऱ्या) पोर्टात. हा वॅन पोर्ट बहुधा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, अनेकदा निळा. नीट बघून लाव. आमच्या लॅबमध्ये एका मुलानं ती लॅनमध्ये खोचली, दोन्ही राउटर यंत्रांना पत्ते वाटू लागले आणि अर्धी मशीन्स दुपारभर बंद. शिवाय तसं केलं की दोन्ही जाळी एकच होतात. पहिल्याचा पत्ता 192.168.1.1 असेल तर दुसऱ्याला 192.168.2.1 दे. दोघांचे पासवर्ड बदल, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग्ज बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिननं वायफाय जोडण्याची सोय) बंद ठेव. प्रिंटर कदाचित आपोआप सापडणार नाही, त्याचा आयपी, म्हणजे जाळ्यातला पत्ता, हातानं घालावा लागेल.

चिमणीच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा मी सगळ्यात जास्त विचार केला. तोही बाहेरच ठेव, मन धजलं नाही तरी. त्यामुळे त्याच्याकडून लॅपटॉपला असलेला धोका बराच कमी होतो, पण त्याचं चित्र काही आपोआप सुरक्षित होत नाही. त्याला वेगळा, लांब पासवर्ड, ओटीपीची सोय असेल तर ती, आणि अपडेट आलं की त्याच दिवशी.

सगळं झालं की फोनचा मोबाइल डेटा बंद करून तो बल्बांच्या वायफायवर घे आणि ब्राउझरमध्ये 192.168.2.1 टाक. पान उघडता कामा नये. उघडलं, तर रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझी,
आई