पोस्टर पालथं करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं ‘ताई’. ओळखणारे ओळखतीलच.

तुम्ही पहिल्यांदा माझा चित्रपटांच्या पोस्टरांचा संग्रह पाहायला आलात, त्याच्या आदल्या रात्री जागून मी निवडक वीस पोस्टरं जमिनीवर मांडली होती. वाहवा ऐकायची तयारीही केली होती. तुम्ही चष्मा पुसलात, पहिलं पोस्टर दोन्ही हातांनी उचललंत आणि सरळ पालथं केलंत. मग दुसरं, मग तिसरं. समोरची बाजू तुम्ही जेमतेम पाहिलीत. खरं सांगतो, मला राग आला होता. लग्नात नवरीऐवजी मांडवाचे खांब बघणारा पाहुणा आल्यासारखं वाटलं.

तेव्हा माझ्याकडे सातशेच्या आसपास पोस्टरं होती. काही नळकांड्यांत, काही पलंगाखाली, काही कपाटावर. यादी म्हणाल तर एक वही. तीत चित्रपटाचं नाव आणि पुढे माझा शेरा: ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’, ‘फारच दुर्मिळ’. बाकी सगळं डोक्यात. कुठलं पोस्टर कुठे आहे हे झोपेतही सांगू शकतो, अशी फुशारकी मी तुमच्यापुढे मारली. तुम्ही शांतपणे म्हणालात, “बरं. मग १९५० च्या दशकातली, नटीचं नाव नटाच्या आधी छापलेली पोस्टरं काढा बघू.” संध्याकाळ गेली. चार सापडली, आणि आणखी किती असतील ते मला सांगता येईना. निघताना तुम्ही म्हणालात, “स्मरणशक्ती चांगली आहे तुमची, पण ती कुणाला उसनी नेता येत नाही.”

त्या रात्री मी वही फेकली नाही, पण उघडलीही नाही.

पुढच्या खेपेला तुम्ही रकाने आखून आणलेत. माप, कागद, छपाईची पद्धत, घड्या, छापखान्याची ओळ (म्हणजे कुठे छापलं ते), सेन्सॉरची खूण, कोपऱ्यातले आकडे, मागचे शिक्के, हातानं लिहिलेलं काही, पोस्टर कुणाकडून आलं. शेवटी ठळक रेघ मारून वेगळा रकाना: ‘संग्राहकाचं मत’. डोळ्यांना दिसतं ते रेघेच्या अलीकडे, आपल्याला वाटतं ते पलीकडे. मला ही कारकुनी वाटली होती. पण खरं सांगायचं तर माझा छंद आणि आजचा संग्रह यांच्यामधला सगळा फरक त्या एका रेघेचा आहे.

तिचा पहिला फटका मलाच बसला. माझ्या लाडक्या अमेरिकी पोस्टरला मी वर्षानुवर्षं ‘पहिल्या प्रदर्शनाचं’ म्हणत आलो होतो. तुम्ही खालचा उजवा कोपरा वाचायला सांगितलात. आकड्याआधी ‘आर’ हे अक्षर होतं. १९४० पासून साधारण १९८४ पर्यंत तिकडची बहुतेक पोस्टरं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी वाटायची. पहिले दोन आकडे वर्षाचे, तिरक्या रेघेनंतरचा क्रमांक चित्रपटाचा, आणि आधी ‘आर’ असेल तर पोस्टर पुन्हा प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचं. ते अक्षर माझ्या नाकासमोर होतं आणि इतकी वर्षं मी नायिकेचे डोळे बघत बसलो होतो! ब्रिटिश पोस्टरांवरच्या खुणांचंही तसंच. ‘एक्स’ हे फक्त मोठ्यांसाठीच्या चित्रपटांचं प्रमाणपत्र तिथे १९५१ ते १९८२ एवढ्याच काळात होतं. १९४० च्या आसपासच्या चित्रपटाच्या पोस्टरवर ते दिसलं, तर चित्रपट जुना असला तरी कागद नंतरचा. मापाचंही गणित तुम्ही शिकवलंत. अमेरिकेतलं नेहमीचं ‘वन शीट’ पोस्टर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २७ × ४१ इंचांचं असे, पुढे ते २७ × ४० झालं. एका इंचानं काय बिघडतं, असं मी विचारलं होतं. नकली प्रती विकणाऱ्यांचं तिथेच बिघडतं, हे तुमचं उत्तर.

मग कडांचा विषय निघाला, आणि मी टाळाटाळ करू लागलो. तरुणपणी काही पोस्टरं चौकटीत बसेनात, तेव्हा मी पट्टी धरून त्यांच्या कडा कापल्या होत्या. त्या कडांवरच छापखान्याची ओळ असते. काही पोस्टरांना तर टिकावीत म्हणून लॅमिनेशन केलं होतं. ते आता सोडवायला गेलं तर कागदच हाती येईल तुकड्यांनी. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त पेन काढलंत आणि नोंदीत लिहिलंत: ‘कडा कापलेल्या, संग्राहकाकडून.’ मी ‘संग्राहकाकडून’ खोडायची विनंती केली. “पोस्टराचा इतिहास आहे तो, आणि तुम्हीही त्यात आलात,” म्हणालात. अशी नोंद अकरा ठिकाणी आहे. अकराही तशाच ठेवल्या आहेत.

दुबार प्रतींवरून आपलं खरं भांडण झालं. एकाच पोस्टराच्या दोन प्रती असतील तर खराब असलेली देऊन टाकायची, हा सगळ्या संग्राहकांचा शिरस्ता. मी एक अशीच बाजूला काढली होती: टाचण्यांची भोकं, मधोमध घडीची चीर, खाली कुणीतरी डकवलेली वेगळ्या कागदाची पट्टी. ती पट्टी भिजवून काढावी का, असं मी विचारलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. पट्टीवर चित्रपटगृहाचं नाव होतं, तारीख होती, खेळांच्या वेळा होत्या. कोरी प्रत छापखान्यातून निघाली एवढंच सांगते. फाटकी प्रत ती कुठे लागली, कधी लागली हेही सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेत लिलावात आलेल्या एका गठ्ठ्याची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विकमध्ये सापडलेली १९३०-३१ ची पोस्टरं खळीनं एकावर एक चिकटलेली होती. असा थर म्हणजे एखाद्या चित्रपटगृहाचं रोजनिशीचं पान असू शकतं, म्हणून सोडवण्याआधी क्रम लिहा, फोटो काढा. माझ्याकडे तसा गठ्ठा येण्याचा योग नाही, पण आता दोन कागद चिकटलेले दिसले तरी माझा हात थांबतो.

एकदा मी वैतागून विचारलं होतं, चित्रपट आहेत की, त्यांच्या जाहिरातींवर कसलं संशोधन? तुम्ही मला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३ चा अहवाल वाचायला लावलात. १९१२ ते १९२९ या काळात तिथे १०,९१९ मूक कथापट आले. त्यांपैकी मूळ स्वरूपात, पूर्ण असे उरले आहेत अवघे १४ टक्के. कितीतरी चित्रपटांचं आता फक्त पोस्टर आहे, किंवा तेही नाही. आणि चित्रपट उरला तरी तो कुणासमोर, कसा मांडला होता हे चित्रपट सांगत नाही. चित्रपटाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रान्समधल्या ल्युमिए बंधूंच्या जाहिरातीसाठी मार्सेलँ ओझोलनं काढलेलं पोस्टर तुम्ही दाखवलंत. त्यात पडद्यावर माळ्याची फजिती चालली आहे, आणि पडद्यापुढे हसणारे प्रेक्षकही काढले आहेत. विकायला काढलेली गोष्ट म्हणजे चित्रपट पाहण्याची मजा! हे पोस्टर मी पुस्तकांत दहा वेळा पाहिलं असेल, प्रेक्षक एकदाही पाहिले नव्हते.

स्कॅनिंगचं पुराण इथे लावत नाही. कडा न कापता पूर्ण कागद, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी, मागची बाजूही, मूळ प्रत टिफ या मोठ्या, पूर्ण दर्जाच्या फाइलीत आणि दाखवायला हलकी प्रत वेगळी. शिवाय तुम्ही दर वेळी म्हणता ते: कागद माझा, चित्राचा हक्क माझा नाही. म्हणून मोठ्या प्रती मागितल्याशिवाय आणि कारण विचारल्याशिवाय देत नाही. नोंदी मात्र सगळ्यांना खुल्या आहेत.

आता हे पत्र लिहायचं निमित्त. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, अक्षरांवर शोधनिबंध लिहिते. तिला ना नट हवे होते ना दिग्दर्शक. शीर्षकाची अक्षरं हातानं काढलेली आणि खालची श्रेयनामावली खिळ्यांची, म्हणजे छापखान्यातल्या तयार ठशांची, अशी पोस्टरं तिला हवी होती, छापखान्यानुसार. हा प्रश्न मला सात जन्मांत सुचला नसता. पण छापखान्याचा रकाना होता, आणि ‘अक्षरं: हाताची / खिळ्यांची’ हा रकाना तुम्ही हट्टानं घालायला लावला होता. वीस मिनिटांत एकशे अठरा नोंदी तिच्यासमोर आल्या. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. तिनं त्यांतलीच तीन पोस्टरं पाहायला मागितली, तीही माझ्या ‘सुंदर’ शेऱ्यातली नव्हती. तिच्या तक्त्यात छापखान्याच्या जागी काही घरं रिकामी राहिली. का, असं तिनं विचारलं. मी नोंद दाखवली: कडा कापलेल्या, संग्राहकाकडून. ती हसली नाही, तिनं ते उतरवून घेतलं. त्या क्षणी तुमची फार आठवण झाली.

तिनं माझी एक चूकही काढली. मी लिथो (दगडावर चित्र काढून केलेली जुनी छपाई) लिहिलेलं पोस्टर ऑफसेट, म्हणजे नंतरच्या यंत्रछपाईचं निघालं, भिंगाखाली ठिपके स्पष्ट दिसत होते. जुनी नोंद पुसली नाही. खाली दुरुस्ती, तारीख, दुरुस्त करणारीचं नाव. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

ताई, तुम्ही या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत, चहाही दोनदाच घेतलात, आणि आभार मानले की विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे, इथे तुम्हाला विषय बदलता यायचा नाही. मनापासून आभार.

परवा पाच पोस्टरं नवीन आली. दोघांच्या पाठीवर शिक्के आहेत, एकावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आहे, ते अजून लागत नाही. सवडीनं येऊन बघून जा. समोरून मी ती अजून पाहिलेली नाहीत.

तुमचा,
कडा कापणारा संग्राहक